तेरा वाजवणारे घड्याळ विकणे आहे

चंद्रपूर-गडचिरोलीत विकलं जात नाही असं आता फारसं काही उरलेलं नाही. मोहफूल विकलं जातं, तेंदूपत्ता विकला जातो. बांबू, कोळसा, चुनखडी, लोहखनिज यांचे ट्रक रात्रंदिवस धावत असतात. ताडोब्यात तर वाघ दिसण्याची नुसती शक्यता आगाऊ पैसे घेऊन विकतात आणि वाघ नाही दिसला तरी पैसे परत मिळत नाहीत. अयोध्येच्या मंदिरासाठी २०२३ साली बल्लारपूरहून सागवान निघालं, तेव्हा त्या लाकडाची पूजा झाली, शोभायात्रा निघाली. अशा चालत्या बाजारात एक जुनं घड्याळ विकायला कितीसा वेळ लागणार, असं भय्यासाहेबांना वाटलं, यात त्यांची काही चूक नाही.

भय्यासाहेब हे मूल-सिंदेवाही रस्त्यावरच्या एका गावचे माजी मालगुजार. वास्तविक माजी झाले ते त्यांचे आजोबा. मालगुजारी १९५१ साली गेली, तेव्हा भय्यासाहेब जन्मलेही नव्हते. पण आमच्याकडे 'माजी' हीसुद्धा बापाकडून लेकाकडे येणारी पदवी आहे. सरकारनं गावं घेतली, तलाव घेतले. त्या तलावांना कागदावर 'माजी मालगुजारी तलाव' आणि तोंडी 'मामा तलाव' म्हणतात. अशा रीतीनं मालगुजारांचं सरकारशी मामाचं का होईना, नातं जुळलं. वाड्यात उरलं ते हे घड्याळ. घरच्यांच्या सांगण्याप्रमाणे, ताबा घ्यायला आलेल्या साहेबाच्या यादीत विहिरी होत्या, आंबराया होत्या, गोठे होते. टोलाच्या इंग्रजी घड्याळासाठी रकानाच नव्हता.

घड्याळ आहे मात्र देखणं. इंग्रजीत याला ब्रॅकेट क्लॉक म्हणतात. भिंतीला नक्षीची फळी ठोकून तिच्यावर बसवायचं, नाही तर सरळ मेजावर ठेवायचं. हातभर उंचीची गडद महोगनीची पेटी, खाली पितळी पाय, माथ्यावर पितळी मूठ. मूठ अशासाठी, की त्या काळी विलायतेतसुद्धा घरात एकच घड्याळ परवडायचं आणि माणसं उठून दुसऱ्या खोलीत गेली की घड्याळही उचलून न्यायचं. पुढं काच, मागंही काच, म्हणजे आतलं यंत्र पाठीकडून दिसावं. तबकडीवर चावीची तीन भोकं : मधलं वेळ चालवणारं, डावीकडचं तासाचे टोले देणारं, उजवीकडचं पाव-पाव तासाला सूर वाजवणारं. आठ दिवसांतून एकदा तिन्ही भोकांना चावी. वाड्यात हा मान आठवडी बाजाराच्या दिवसाला होता. चावी फिरवायची आणि मग पिशवी घेऊन निघायचं. कारागिराचं नाव घासून-पुसून गेलंय, त्याच्याखालचं 'लंडन' तेवढं ठळक आहे. कुणी कुठं किती जोर लावून फडकं फिरवलं, हे त्यावरून कळतं.

आणखी एक गंमत आहे. पेटीच्या बाजूनं एक बारीक दोरी बाहेर आलेली आहे. ती ओढली की घड्याळ शेवटचा वाजून गेलेला तास पुन्हा वाजवून दाखवतं. वीज नव्हती तेव्हाची ही सोय. मच्छरदाणीत पडल्या पडल्या साहेबानं दोरी ओढायची, टोले मोजायचे आणि अजून रात्र बरीच बाकी आहे हे कळून समाधानानं कूस बदलायची. काडेपेटी शोधा, कंदील लावा, ही कटकट नाही. आमच्या जिल्ह्यातलं भारनियमन ज्यांनी भोगलंय, त्यांना या दोरीची किंमत समजावून सांगावी लागणार नाही.

हे घड्याळ वाड्यात आलं कसं, याच्या दोन कथा आहेत. भय्यासाहेबांच्या कथेत व्हाइसरॉय येतो. तो शिकारीला आलेला असतो, पणजोबांनी हाका इतका चोख लावलेला असतो, की तो खूश होऊन कमरेची तलवार द्यायला निघतो. पणजोबा म्हणतात, 'तलवारी आहेत, घड्याळ द्या.' वहिनींच्या कथेत व्हाइसरॉय नाही. कुठल्या तरी साहेबाची चांद्याहून बदली झाली, जाताना त्यानं सामानाचा लिलाव केला, त्यात पणजोबांनी एक आरामखुर्ची, अर्धा डझन तुटक्या कानांचे कप आणि हे घड्याळ एका बोलीत उचललं. बदली झालेले इंग्रज अधिकारी सामान लिलावात काढूनच जात, त्यामुळं दुसरी कथा खरी असण्याचा संभव जास्त. शिवाय खुर्ची आणि कप अजून वाड्यात आहेत. व्हाइसरॉयचा पुरावा काहीच नाही.

साहेबाला घड्याळ का लागायचं, हा खरा प्रश्न. नागपूरकर भोसल्यांचं राज्य खालसा होऊन १८५४ साली चांदा इंग्रजांकडे गेला. तोवर इथं वेळ नव्हती असं नाही. लग्नात घटिकापात्र असायचंच : पाण्यानं भरलेलं घंगाळ, त्यात तरंगणारी तांब्याची वाटी, वाटीच्या बुडाला सुईएवढं छिद्र. वाटी भरून बुडाली की एक घटका झाली, म्हणजे आजची चोवीस मिनिटं. दिवसाच्या साठ घटका. बाकी रोजचा व्यवहार कोंबडं, सावली, गुरं परतायची वेळ यांवर बिनबोभाट चालायचा. मोह वेचायला जाणारी बाई आजही झाडाखाली उजाडायच्या आत पोचते आणि तिला कुणी गजर लावून दिलेला नसतो. तेंदूच्या हंगामात सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधताना मोजणी चुकत नाही, पण किती वाजले हे कुणी विचारत नाही. भामरागडकडं तर पावसाळ्यात काळाचे दोनच भाग पडतात : पर्लकोटेच्या पुलावर पाणी चढण्याआधी आणि उतरल्यानंतर. साहेबाची अडचण वेगळी होती. त्याला कचेरी भरवायची होती. कचेरी भरवायची म्हणजे कुणीतरी उशिरा आला पाहिजे, आणि उशीर ठरवायला घड्याळ लागतं.

मालगुजारांनी हे मर्म अचूक उचललं. रोवणीच्या दिवसांत बांधीत वाकलेल्या बाया दुपारच्या सुट्टीची वाट पाहायच्या आणि सुट्टी वाड्यातल्या बाराच्या टोल्यावर ठरलेली. पणजोबा सकाळीच मोठा काटा बोटानं जरा मागं सारायचे, अशी गावात वदंता आहे. काटा मागं सारणं या जातीच्या घड्याळाला मानवत नाही, आतले खटके मोडतात. एक ठोका जादा पडायला लागला तो त्या पापामुळं, असं माई, म्हणजे भय्यासाहेबांच्या आई, स्वच्छ सांगतात. बायांना मात्र सूर्य डोक्यावर आला की कळायचं. एकीनं तेव्हा म्हटलेलं वाक्य गावानं अजून जपून ठेवलंय : "मालकाच्या घड्याळाले पोट नाही राहत जी."

जादा ठोक्याचं असं आहे, की टोले मोजणारी जी दातेरी पट्टी आत असते, ती एक दात जास्त घसरते. त्यामुळं दोन वाजता तीन, तीन वाजता चार आणि बारा वाजता तेरा. घरातल्यांना याचं काहीच वाटत नाही. एक वजा करायची सवय लहानपणीच लागते. या वाड्यातली मुलं वजाबाकी बेरजेच्या आधी शिकतात. सून म्हणून आलेल्या मुलीला पहिले काही महिने त्रास होतो, मग तीही सरावते. पाहुण्यांची मात्र तारांबळ उडते. एक व्याही पहाटे चारला उठून, पाच वाजले समजून, आंघोळ उरकून अंगणात चहाची वाट बघत बसले होते. घराण्याचे तीन तेरा वाजले ते या घड्याळानं रोज दोनदा तेरा वाजवून, असंही गावात म्हणतात. पण गाव काय, काहीही म्हणतं.

वाजतं किती, याचा हिशोब एकदा करून ठेवला पाहिजे, म्हणजे गिऱ्हाइकाला नंतर तक्रारीला जागा नको. सूर वेस्टमिन्स्टरचा. हा सूर मूळचा केंब्रिजच्या एका चर्चचा, १७९३ मधला. १८५९ साली लंडनच्या पार्लमेंटच्या मनोऱ्यानं तो उचलला आणि मग जगातल्या झाडून सगळ्या घड्याळांनी मनोऱ्याकडून उचलला. आता मोरबीच्या बॅटरीवरच्या घड्याळात तो असतो, दारावरच्या बेलमध्येही असतो. पाव तासाला चार स्वर, अर्ध्याला आठ, पाऊण तासाला बारा, तास भरला की सोळा आणि वर तासाचे टोले. तासाचे चाळीस स्वर, दिवसाचे नऊशे साठ. टोले दिवसाचे एकशे छप्पन्न. एकूण अकराशे सोळा. यांच्याकडं प्रत्येक तासाला एक ठोका बोनस, म्हणजे अकराशे चाळीस. एवढं सगळं, किती वाजले हे सांगण्यासाठी. आणि तेही चुकीचं.

विकायचं ठरलं ते धाकट्या सुनेमुळं. ती पुण्याची, घरून काम करणारी. तिच्या मीटिंगमध्ये अमेरिकेतला साहेब बोलत असताना मागून लंडन वाजायला लागलं. साहेबानं विचारलं, तुम्ही नक्की कुठं असता? तिनं सिंदेवाही सांगितलं. त्याला ते काही पटलेलं दिसलं नाही.

पहिले आले चंद्रपूरच्या गोल बाजाराकडचे एक घड्याळजी. ते गिऱ्हाईक म्हणून आले नव्हते, विक्रीआधी 'तब्येत' दाखवावी म्हणून बोलावलेले. त्यांनी मागची काच उघडली, डोळ्याला भिंग लावलं आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग मला जवळ बोलावून आत दाखवलं. स्प्रिंगचा पितळी डबा आणि त्याच्या शेजारी एक शंकू, वरपासून खालपर्यंत खाच कोरलेला. दोघांना जोडणारी एक साखळी, सायकलच्या साखळीसारखी, पण जाडीला सुतळीपेक्षा कमी. स्प्रिंग चावी दिल्या दिल्या जोरात ओढते आणि आठवडा संपता संपता ढिली पडते. तो जोर सारखा राहावा म्हणून साखळी आधी शंकूच्या निमुळत्या भागावरून ओढते आणि मग रुंद भागावरून. ज्यानं हे शोधलं त्याला सरकारी नोकरीचा अनुभव असणार, असं घड्याळजींचं मत पडलं. सुरुवातीचा उत्साह आणि शेवटचा ढिलेपणा यांची सरासरी काढणारं दुसरं यंत्र त्यांनी पाहिलेलं नव्हतं. या साखळ्या इंग्लंडात क्राइस्टचर्च नावाच्या गावी व्हायच्या, आणि करायच्या बाया आणि पोरी. भिंगाखाली धरल्याशिवाय कडी वेगळी दिसत नाही, इतकं ते काम बारीक. त्या पोरींच्या डोळ्यांचं काय झालं असेल ते कोण विचारतो. घड्याळजींनी मात्र विचारलं. आणि स्वतःच्या चष्म्याचा नंबर सांगितला.

"तेरा मिनिटं मागं पडते म्हणता नं," ते म्हणाले, "रोज का एकूण?"

"एकूण," भय्यासाहेब म्हणाले. "तेवढंच मागं राहते. ना कमी, ना जास्त. आजोबाच्या वेळपासून."

त्यावर ओट्यावर बसलेले निवृत्त भूगोल-मास्तर एकदम उठून उभे राहिले. घड्याळ मागं नाहीच, त्यांनी जाहीर केलं. मागं नाही, तर ते चांद्याच्या जागेवर आहे. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशावरची, चांदा एकोणऐंशीच्या थोडा पुढं. एका अंशाला चार मिनिटं. गुणा, जवळजवळ तेरा येतात. १ जानेवारी १९०६ पासून सगळा देश या वेळेवर आला, त्याआधी रेल्वे मद्रासच्या वेळेनं धावायची आणि गावं आपापल्या सूर्यानं. मुंबईनं तर आपली वेगळी वेळ १९५५ पर्यंत सोडली नव्हती. मग चांद्याच्या एका घड्याळानं अजून सोडली नाही, यात बिघडलं काय? सूर्य आपल्या डोक्यावर सरासरीनं बारा वाजून तेरा मिनिटांनीच येतो. त्या क्षणी हे घड्याळ बारा दाखवतं.

"आणि तेरा वाजवते," वहिनी आतून म्हणाल्या.

मास्तरांच्या भाषणानं भय्यासाहेबांनी किंमत तिथल्या तिथं वाढवली. घड्याळजींनी उन्हाळ्याची गोष्ट काढून ती थोडी खाली आणली. लोखंडी दांडीचा लंबक तीसेक अंशांनी जास्त तापला, तर दांडी लांबते आणि घड्याळ दिवसाला पंधराएक सेकंद मागं पडतं. लंडनच्या हवेत बेतलेलं यंत्र चांद्याच्या सत्तेचाळीस अंशांत दुसरं काय करणार? इथं मे महिन्यात कचेऱ्यासुद्धा मंदावतात आणि त्यांच्यात तर लंबकही नसतो.

मग खरी गिऱ्हाइकं सुरू झाली. प्रत्येकाला या घड्याळातलं काहीतरी हवं होतं. वेळ कुणालाच नको होती.

भंगारवाल्यानं पेटीवर टिचकी मारली, घड्याळ उचललं, हातावर तोललं. "पितळ चार-साडेचार किलो भरन. लाकूड तुमीच ठेवा, चुलीत घाला." भय्यासाहेबांनी लंडनचं नाव दाखवलं. "ते पितळाच्या भावातच आलं जी," तो म्हणाला. तो माणूस प्रामाणिक होता. तराजू त्यानं सोबत आणला होता आणि मापात मारायचा प्रयत्न केला नाही.

त्याच्या मागोमाग ओळखीचे एक निवृत्त वनपाल आले, सोबत सुतार. सुतारानं पेटीच्या आतल्या बाजूला नखानं ओरखडा काढला, वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. "हे सागवान नाही." आमच्या भागात एखाद्या लाकडाबद्दल यापेक्षा वाईट बोलता येत नाही. सी.पी. टीक म्हणून आल्लापल्ली-बल्लारशाचा साग जगात विकला जातो, आणि हे साता समुद्रांपलीकडचं महोगनी इथं येऊन सागाच्या खांबांखाली ताठ मानेनं बसलेलं. "मंग उधईनं काहून खाल्लं नाही?" वहिनींनी विचारलं. "तिलेही चव आहे नं बाई," सुतार म्हणाला. वनपालांची चिंता वेगळीच होती. लाकडी वस्तू जिल्ह्याबाहेर न्यायची तर वाहतूक परवाना लागेल का? लाकूड आलं कुठून? त्याच्यावर हातोड्याचा शिक्का कुठं आहे? नोकरीत असताना त्यांनी नाक्यावर नवरदेवाचा पलंग अडवून ठेवला होता. ती आठवण सांगताना त्यांचा चेहरा इतका फुलला, की चहा दुसऱ्यांदा ठेवावा लागला.

नागपूरच्या इतवारीतून जुन्या वस्तूंचे एक व्यापारी गाडी करून आले, तेव्हा मात्र वाड्यात चादरी बदलल्या गेल्या. व्यापाऱ्यांनी टॉर्च काढली, तबकडीमागं बघितलं, पेटीत हात घालून भोकं चाचपली आणि निर्णय दिला : यंत्र एका घड्याळाचं आहे आणि पेटी दुसऱ्याची. कुणीतरी कधीतरी दोघांचं जमवून दिलंय. अशा जमवलेल्या मालाला भाव निम्मा.

"दोघं वेगवेगळ्या घरची आहेत म्हणून?" वहिनींनी विचारलं.

"हो."

"अन् शंभर वर्षं सोबत राहिले, त्याचं काही नाही?"

व्यापाऱ्यांकडं याला उत्तर नव्हतं. भय्यासाहेबांनी विषय बदलून घड्याळाचं वय काढलं. दीडशे वर्षांच्या खाली यायला ते तयार नव्हते. व्यापारी म्हणाले, मोठी किंमत परदेशातलं गिऱ्हाईक देतं, पण १९७२चा पुरावस्तूंचा कायदा आहे. शंभर वर्षं झालेली वस्तू देशाबाहेर नेता येत नाही. हे ऐकल्याबरोबर भय्यासाहेब पन्नास-पंचावन्न वर्षांनी खाली उतरले. व्हाइसरॉयला गाठायचं तर शंभराच्या वर राहणं भाग, परदेशी गिऱ्हाईक गाठायचं तर शंभराच्या खाली. बिचारे पणजोबा दोन्हींच्या मध्ये लोंबकळत राहिले. शेवटी घड्याळ विलायतेहून येताना तरुण होतं, त्याचं वय इथं आल्यावरच मोजायचं, असा तोडगा भय्यासाहेबांनी मांडला. व्यापारी पोह्यांची तारीफ करून गेले.

मोहर्लीकडच्या एका रिसॉर्टचा मॅनेजर आला तो सरळ पैसे घेऊनच. त्याला लॉबीत 'साहेबी काळ' उभा करायचा होता. बांबूचं छत, वेताच्या खुर्च्या, भिंतीवर टोप्या. एक घड्याळ कमी होतं. घड्याळ त्याला मनापासून आवडलं. इतक्यात सव्वाअकराचे चार स्वर वाजले, आणि त्याचा चेहरा पडला. पाहुणे तिथं शांततेसाठी येतात आणि त्या शांततेचे वेगळे पैसे देतात. पहाटे सहाच्या फाटकासाठी उठायचं असतं. रात्रभर हे असं वाजलं तर वाघाआधी पाहुणेच खवळायचे. खरं सांगायचं तर आमच्या जिल्ह्यात मिनिटाचा मान राखला जातो तो फक्त ताडोब्याच्या फाटकावर. परतीला उशीर झाला की दंड; तिथं जिप्सीवाले घड्याळाकडं ज्या भक्तिभावानं बघतात, तसं चांद्यात महाकालीच्या यात्रेतच पाहायला मिळतं. घड्याळजींनी मॅनेजरला उपाय सुचवला : मधल्याच भोकाला चावी द्यायची, बाकी दोन्ही उपाशी ठेवायची, म्हणजे वेळ चालेल, आवाज नाही. त्याहून बरं म्हणजे चावीच द्यायची नाही. मॅनेजर म्हणाला, "बंदच चांगलं. बंद असलं की जास्त जुनं वाटते." पैसेही चांगले देत होता. भय्यासाहेबांनी खिशातलं पेनसुद्धा काढलं.

पण माई आडव्या आल्या. त्यांना विकायला हरकत नव्हती, वाजायला तर नव्हतीच. मुकं करून बसवायला होती. "तुमचा बाप शेवटच्या दुखण्यात बोलत नव्हता, तं हेच बोलत होतं घरात," एवढंच त्या म्हणाल्या आणि कापसाच्या वाती वळायला लागल्या. मॅनेजरला त्यांनी जेवल्याशिवाय सोडलं नाही, ते वेगळं.

घड्याळाला त्याच्या लायकीचं गिऱ्हाईक भेटलं ते वडशाहून. दिवाळी झाली, मंडया भरायला लागल्या की झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि वडशाच्या मंडळांना रात्री कमी पडतात. गावात पट असो, मंडई असो, रात्री नाटक पाहिजे. ते रात्री सुरू होतं आणि उजाडताना संपतं. प्रेक्षक चादर, शाल, पोरंबाळं घेऊन बसतात आणि हिरॉइनच्या दुःखात रात्र काढून सकाळी थेट शेतावर जातात. मुंबई-पुण्याची रंगभूमी प्रेक्षक का येत नाहीत म्हणून परिसंवाद घेते. इथं ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरभरून प्रेक्षक येतो. तर अशा एका मंडळाचे मालक आले. नव्या नाटकात हवेली होती, खलनायक मालगुजार होता (भय्यासाहेबांनी हे ऐकून न ऐकल्यासारखं केलं), आणि हवेलीत मध्यरात्री घड्याळ वाजायला हवं होतं. आजवर हे काम ऑर्गनवाला करायचा, पण डुलकी लागली की त्याचे दहाच वाजायचे.

"पन हे आपल्या मनानं वाजते नं जी," मंडळाच्या मालकांना शंका आली. "हिरॉइन तिकडं रडून राहिली, अन् इकडं साडेअकरा झाले तं?"

इथं घड्याळजींनी ती दोरी दाखवली. लंबक बोटानं थांबवून ठेवायचा. हव्या त्या क्षणी दोरी ओढायची. ओढून दाखवली. काटे बारावर लावलेले होते. घड्याळानं एक श्वास घेतल्यासारखी आतून घरघर केली आणि टोले द्यायला सुरुवात केली. मंडळाचे मालक बोटांवर मोजत होते. बारापर्यंत त्यांचा चेहरा नुसता खूश होता. तेरावा टोला पडला तेव्हा ते खाटेवरून उठले.

"तेरा?"

"ते दुरुस्त करून देतो," घड्याळजी घाईनं म्हणाले.

"हात नोका लावू!" ते ओरडलेच. "तेरा वाजते म्हणजे मेलेला मालगुजार आला. दुसरा अंक इथंच पडते!" त्यांनी तिथल्या तिथं लेखकाला फोन लावला. लेखक दुसऱ्या एका नाटकाच्या तालमीत होता, पण प्रवेश फोनवरच ठरला. इतके दिवस जो दोष झाकायला भय्यासाहेब गिऱ्हाइकाशी मोठ्यानं बोलत राहायचे, त्या जादा ठोक्याचे आता वेगळे पैसे लागत होते.

सौदा मात्र विक्रीचा झाला नाही. विकत घेऊन ठेवणार कुठं, पावसाळ्यात मंडळाचं सामान कुणाच्या तरी पडवीत असतं. भाड्यानं ठरलं, प्रयोगाप्रमाणे. मग घड्याळजींनी अडचण काढली : हे जिथं ठेवाल तिथं पातळी साधावी लागते, नाही तर टिकटिक लंगडते आणि थांबतं. प्रवासात लंबक अडकवून न्यावा लागतो, तिन्ही भोकांना बेतानं चावी द्यावी लागते. ट्रकमध्ये टाकून गडचिरोलीच्या रस्त्यानं नेलं तर आरमोरीला पोचेपर्यंत ते नुसतं पितळ होईल, आणि पितळाचा भाव भंगारवाल्यानं सांगितलाच आहे. जाणता माणूस सोबत पाहिजे. आणि दोरी ओढायलाही माणूस पाहिजे, पडद्यामागं, ऐन वेळेला.

सगळ्यांनी घड्याळजींकडं बघितलं. त्यांना रात्रीचं दिसत नव्हतं. सगळ्यांनी मास्तरांकडं बघितलं. मास्तर दोरी ओढण्याआधी रेखांश सांगत बसले असते.

"मी येतो," भय्यासाहेब म्हणाले.

वाड्यात क्षणभर कुणी काही बोललं नाही. मग माईंनी विचारलं, "मालगुजाराचं काम करणाऱ्याले किती देता?" मंडळाच्या मालकांनी खलनायकाच्या नाइटचा आकडा सांगितला. "अन् दोरी ओढणाऱ्याले?" तो आकडा बराच लहान होता. माईंनी मान हलवली. वहिनींनी आगाऊ रकमेचं विचारलं, घड्याळाची वेगळी आणि माणसाची वेगळी. दोन्ही रोख घेऊन मोजल्या आणि आत ठेवल्या. पुण्याच्या सूनबाईंनी भाड्याचा करारनामा टाइप करून दिला. त्यात 'तेरावा टोला हा दोष मानला जाणार नाही' असं एक कलम आहे.

हंगामाची पोस्टरं आता लागली आहेत. हिरो-हिरॉइनचे फोटो, खाली संगीत, खाली लाइट, आणि सगळ्यांत खाली लाल चौकटीत 'खास आकर्षण : लंडनचे १५० वर्षांचे घड्याळ'. वयाचा वाद मंडळानं असा परस्पर मिटवला. त्याच्याखाली बारीक अक्षरात भय्यासाहेबांचं नाव आहे, आडनावाआधी 'मालगुजार' लावून. ते मात्र त्यांनी स्वतः प्रेसमध्ये जाऊन तपासलं. वेळ छापली आहे रात्री ठीक नऊ. पहिल्या प्रयोगाला पाहुणे म्हणून आलेल्या आमदारांची भाषणं, सत्कार, शाली-श्रीफळं आटोपून पडदा वर गेला तेव्हा सव्वाअकरा झाले होते, असं मास्तर म्हणतात. अकरा वाजून दोन मिनिटं, भय्यासाहेब म्हणतात.